सातवी खोपी कोणत्या राज्यात?

या सगळ्या प्रकरणात ऑर्लन टॉर्गरसनचा दोनशे पंचवीस डॉलरचा फायदा होणार होता. हा आकडा त्याने फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी, प्रवचन चालू असताना, चर्चच्या पत्रकामागे शिसपेनने लिहून काढला. त्यांच्या भागीदारीचं कराचं विवरणपत्र भरायला गावातली हिशेबनीस लव्हॉन स्टॉर्ली दरवर्षी दोनशे पंचवीस घेई. तेच काम घरी केलं, तर बर्फाखालचे मासे पडद्यावर दाखवणारं नवं यंत्र दोनशे एकोणीसला येत होतं. उरलेल्या सहा डॉलरांत ॲपल पायचा एक तुकडा आणि कॉफी बसत होती. वर टीप ठेवायची की नाही, हा प्रश्न मात्र त्याने प्रवचनानंतरसाठी राखून ठेवला.

भागीदारी म्हणजे फार मोठं प्रस्थ नव्हे. रॅटल तळ्याचा पश्चिम काठ मिनेसोटात आणि पूर्व काठ विस्कॉन्सिनमध्ये. पश्चिमेला ऑर्लन राहतो, पूर्वेला त्याच्या बायकोचा भाऊ, डुवेन पेल्झल. तळं गोठून टणक झालं की दोघं मिळून सात लाकडी खोप्या बर्फावर ओढत नेतात. प्रत्येक खोपीत एक शेगडी, एक बाक आणि तळाला दोन भोकं. शहरातली माणसं शनिवार-रविवारचं भाडं भरून येतात, भोकात गळ सोडून दोन दिवस पाण्याकडे बघत बसतात आणि एकही मासा न घेता अत्यंत समाधानाने घरी जातात. या समाधानातून यंदा खर्च वजा जाता सात हजार डॉलर उरले होते. नवं बर्फगाडं घ्यायचं म्हणून त्यातला एक सेंटही दोघांनी घरी नेला नव्हता; सगळे बँकेत पडून होते. ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी. डुवेनने तर ती फारच लक्षात ठेवली.

"हल्ली तिकडे करतात काय? आकडे या कप्प्यातून त्या कप्प्यात टाकतात," ऑर्लन मार्डेलला म्हणाला. मार्डेल त्याची बायको. "एकतीस वर्षं मी लोकांचे विजेचे मीटर वाचले."

"वाचलेस," मार्डेल म्हणाली. "बिल ऑफिस काढायचं."

ऑर्लनने हा शेरा ऐकू आला नाही असं ठरवलं.

केंद्र सरकारचा फॉर्म त्याने गेल्या वर्षीच्या प्रतीवरून एका दुपारीत उरकला. त्यात त्याला एक शोधही लागला: भागीदारी स्वतः कर भरतच नाही. ती फक्त चहाडी करते. अमक्याच्या वाट्याला इतकं उत्पन्न आलं, तमक्याच्या वाट्याला इतकं, एवढं सरकारच्या कानात सांगते आणि हात झटकून मोकळी होते. पुढे त्या अमक्याने आणि तमक्याने आपापलं निस्तरायचं. साडेतीन हजार ऑर्लनचे, साडेतीन हजार डुवेनचे. ऑर्लनने दोन्ही आकड्यांखाली पट्टीने रेघ मारली आणि संध्याकाळी मार्डेलसमोर उगाचच शीळ घातली.

शीळ दुसऱ्या दिवशी बंद झाली. राज्याच्या फॉर्मवर विचारलं होतं, या उत्पन्नापैकी मिनेसोटातलं किती? भाड्याचं उत्पन्न असेल, तर भाड्याने दिलेली वस्तू जिथे उभी होती त्या राज्याच्या नावे ते लावायचं. आता घर असतं, गोदाम असतं, तर प्रश्न नव्हता. पण खोपी कुठे उभी असते? जिथे मासा असतो तिथे. आणि मासा मिनेसोटाचा की विस्कॉन्सिनचा हे मासा सांगत नाही. लव्हॉन जानेवारीत एकदा फोन करून "यंदा कुठे रे खोप्या?" असं विचारायची आणि ऑर्लन हात वर करून "ते काय तिकडे" म्हणायचा. फोनवरून तिला हात दिसायचा कसा, हे त्याला आजवर कोडं वाटलं नव्हतं.

गावात एखाद्याला प्रश्न पडला की तो पेट्रोल पंपामागच्या कॉफीच्या टेबलावर नेतात. तिथे सकाळी सहापासून निवृत्त माणसं बसलेली असतात आणि त्यांना सगळं माहीत असतं.

"भोक जिथे, ते राज्य," शाळेची बस चालवून निवृत्त झालेला गेलॉर्ड नायस्टुएन म्हणाला. "खोपीचा आणि कराचा काय संबंध? माणूस भाडं भोकाचं देतो."

"मग तळातून मासा कुठून आला ते बघावं लागेल," दुसरा कोणी म्हणाला.

"दार ज्या राज्यात उघडतं ते राज्य. घराचा पत्ता दारावरून ठरतो."

"आपल्याकडे वाऱ्याच्या दिशेला दार कोण ठेवतं? दारं सगळी विस्कॉन्सिनकडे. म्हणजे ऑर्लन, तू त्या पॅकर्स फुटबॉल संघवाल्यांच्या राज्याला पैसे देणार तर!"

यावर टेबल इतकं हसलं की ऑर्लनची कॉफी बशीत आली. ती त्याने शांतपणे परत कपात ओतली. माणसाचा अपमान झाला की त्याने काहीतरी ओतावं, म्हणजे हातांना काम राहतं.

शेवटी कोपऱ्यातून व्हर्लिन ओप्साल बोलला. व्हर्लिन जिल्ह्याचा जुना मोजणीदार. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी कोणाच्याही अंगणात गेला की कुंपण चुकलंय असं सांगून यायचा. "सीमा तळ्याच्या बरोबर मधून नाही जात," तो म्हणाला. "धरण बांधायच्या आधी इथून ओढा वाहायचा. त्या ओढ्याच्या मधोमध सीमा आहे. ओढा वाकडा होता. मी दाखवतो. ॲपल पाय मात्र तू खाऊ घालायचा."

खोप्या तर मार्चच्या पहिल्या सोमवारच्या आत बर्फावरून काढाव्या लागतात, तसा नियमच आहे. त्या केव्हाच येऊन ऑर्लनच्या आवारात रांगेने उभ्या होत्या. पण बर्फावर त्यांच्या खुणा राहिल्या होत्या. जिथे खोपी होती तिथे चौकोनी, पिवळट, शेगडीच्या राखेने माखलेला चबुतरा, त्यात दोन भोकं, बाजूला बिअरचे चपटे डबे. तीन सकाळी व्हर्लिन आणि ऑर्लन हातात मोजणीचं यंत्र, फीत आणि रंगीत खडू घेऊन या भग्नावशेषांत हिंडले. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं की एखादं बुडालेलं नगर शोधताहेत. तिसऱ्या सकाळी ऑर्लनचा उजवा पाय जुन्या भोकावरच्या पापुद्र्यातून मांडीपर्यंत पाण्यात गेला. व्हर्लिनने आधी यंत्राकडे पाहिलं.

"हा पाय विस्कॉन्सिनमध्ये आहे," तो म्हणाला, आणि मग हात दिला.

बूट गेला तो गेलाच. पण निकाल लागला. चार खोप्या मिनेसोटात, दोन विस्कॉन्सिनमध्ये, आणि सातवी बरोब्बर सीमेवर: एक भोक इकडे, एक भोक तिकडे, दार विस्कॉन्सिनला, शेगडी मिनेसोटाला. या सातव्या खोपीने ऑर्लनचे आठ दिवस खाल्ले. कधी तो तिला अर्धी-अर्धी कापायचा, कधी बाकाच्या लांबीवरून हिशेब करायचा. अखेर त्याने असा विचार केला की बाहेर उणे पंचवीस असताना माणूस दारापाशी बसत नाही, शेगडीपाशी बसतो. सबब उत्पन्न शेगडीपाशी होतं. मिनेसोटात पाच खोप्या, पाच हजार डॉलर. त्याने अकरा पानी खुलासा लिहिला, तळ्याचा नकाशा काढला, मिनेसोटातली भोकं निळ्या रंगात आणि विस्कॉन्सिनमधली हिरव्या रंगात दाखवली. पंधरा मार्चची मुदत होती. पाकीट चोवीसला पडलं.

त्या फॉर्ममध्ये तळाशी आणखी एक कलम होतं. दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या भागीदाराच्या वाट्याला मिनेसोटातलं उत्पन्न हजाराच्या वर आलं, तर भागीदारीने त्याच्या वाट्यातून कर आधीच कापून राज्याला पाठवायचा, तोही सगळ्यात वरच्या दराने. पाच हजारांचे निम्मे अडीच हजार डुवेनचे. त्यावर दोनशे सेहेचाळीस डॉलर पंचवीस सेंट. ऑर्लनने बँकेतून पाठवून दिले, आणि डुवेनच्या वाट्याचं पत्रक त्याला टपालाने धाडलं. समोर जाऊन दिलं असतं तर बरं झालं असतं. पण समोर जाऊन वाईट बातमी द्यायची पद्धत त्या भागात नाही.

डुवेन चौथ्या दिवशी आला. टोपी काढून स्वयंपाकघरात उभा राहिला. मार्डेलने कॉफी ठेवली.

"इथे लिहिलंय मी साडेतीन हजार कमावले," डुवेन म्हणाला.

"कमावलेस ना."

"कुठे आहेत?"

"बँकेत. गाड्यासाठी."

"म्हणजे मी पाहिले नाहीत."

"पाहिले नसलेस तरी तुझ्या वाट्याला आलेत. कर वाट्यावर असतो, बघण्यावर नसतो."

डुवेनने कॉफीचा घोट घेतला. "आणि न पाहिलेल्या पैशांतले दोनशे सेहेचाळीस तू मिनेसोटाला देऊन टाकलेस."

"आणि पंचवीस सेंट," ऑर्लन म्हणाला. हिशेबाला हिशेब म्हणून म्हणाला, पण वेळ चुकली.

"मी विस्कॉन्सिनमध्ये जन्मलो, विस्कॉन्सिनमध्ये कर भरतो. त्या सातव्या खोपीचं दार माझ्या हातचं आहे. ते आमच्याकडे उघडतं."

"शेगडी आमच्याकडे आहे."

"शेगडी उद्या हलवता येते."

"मग यंदाचा हिशेब यंदाच्या शेगडीवर."

डुवेनने कप रिकामा केला आणि टोपी उचलली. मग डुवेन म्हणाला, "हे जरा वेगळंच आहे." बाहेरच्या माणसाला हे वाक्य साधं वाटेल. त्या तळ्याच्या दोन्ही काठांवर ते ऐकून लहान मुलांना दुसऱ्या खोलीत नेतात. "माझ्या चार खोप्या मी शनिवारी घेऊन जातो. पुढच्या हिवाळ्यात तू तुझ्या तीन लाव."

"लाव म्हणजे?" मार्डेल म्हणाली. "अठरा वर्षं तुम्ही दोघं एकत्र लावताय."

"कॉफी छान होती," डुवेन म्हणाला आणि गेला.

शनिवारी तो ट्रॉली घेऊन आला. दोघांत एकही कडू शब्द गेला नाही. ऑर्लन खरं तर घरात बसून राहणार होता. पण डुवेनच्या पहिल्या खोपीचं चाक बसलेलं दिसलं, म्हणून तो हवा भरायचं यंत्र घेऊन गेला. मग साखळी एकट्याने ओढणं जमेना, म्हणून त्याने दुसरं टोक धरलं. चौथी खोपी चढवताना ट्रॉलीचा मागचा दिवा लागत नाही हे त्याच्या लक्षात आलं. तोही त्याने जोडून दिला. भागीदारी मोडणाऱ्याला एवढी मदत त्या जिल्ह्यात आजवर कोणी केली नसेल. निरोप घेताना डुवेन "आभारी आहे" म्हणाला आणि ऑर्लन "त्यात काय" म्हणाला, आणि दोघंही आतून जळत राहिले.

"ईस्टरला हॅम नऊ पौंडांचं सांगून ठेवलंय," मार्डेल त्या संध्याकाळी म्हणाली. "माझा भाऊ टेबलाशी असेल तर ते भट्टीत जाईल. नसेल तर तू पाव-लोणी खा. मी बहिणीकडे जाईन."

ईस्टरला पंधरा दिवस होते.

नवव्या दिवशी राज्याच्या कर खात्यातून फोन आला. बाई डेलफीन ब्रूसार्ड, बोलण्याची ढब दक्षिणेची, पार खाली लुइझियानाची. तिथे लोक उन्हात वाढतात आणि मनातलं तोंडावर बोलतात.

"मिस्टर टॉर्गरसन, तुमचा नकाशा माझ्या टेबलावर आहे. हे हिरवं काय आहे?"

"भोकं, मॅडम. विस्कॉन्सिनची."

"अगदी अख्खं ऑफिस येऊन बघून गेलं. सातव्या खोपीत शेगडी कुठे होती म्हणालात?"

"मिनेसोटात."

"मग तुमचा हिशेब मला मान्य आहे." ऑर्लनची छाती दोन इंच फुगली. "फक्त नऊ दिवस उशीर झालाय. सत्तावीस डॉलर नऊ सेंट दंड बसलाय. पहिलीच वेळ आहे तुमची, मी तो काढून टाकू का?"

"नको नको, तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला? आणि तुमच्या भागीदाराचं पत्र आलंय इथे, जरा रागावलेलं दिसतंय. त्याचा काही गैरसमज आहे. मी फोन करून दोन मिनिटांत समजावू का?"

"छे छे. तुमच्यामागे कामं असतील."

"दंडाचंही नको मग?"

"नको हो. राहू दे."

"बरं तर. तुमचा दिवस छान जावो."

आणि फोन बंद झाला. ऑर्लन तो कानाला लावूनच उभा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या भागात कोणी काही देऊ केलं, तर पहिल्यांदा नको म्हणतात. दुसऱ्यांदाही नको म्हणतात. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर" म्हणून घेतात. केकच्या तुकड्यापासून मूत्रपिंडापर्यंत हीच रीत. पहिल्या खेपेला हो म्हणणारा माणूस उपाशी घरातून आलाय असं समजतात. ऑर्लनने दोन नकार वेळेवर, नीट, शोभतील असे दिले होते. तिसरी खेप बाईंची होती. आणि ही बाई दुसऱ्या नकारालाच नकार समजून बसली!

"दंडाचं तिने दोनदा विचारलं ना," मार्डेल म्हणाली, "आणि डुवेनचं एकदाच. तिला कसं कळणार रे? तू फोन कर आणि माग."

"माग?"

"तोंडाने. 'दंड माफ करा आणि माझ्या मेव्हण्याला फोन करा.' बारा शब्दसुद्धा होत नाहीत."

"आमच्या घरात कोणी कधी काही मागितलेलं नाही, मार्डेल. आजोबा आगबोटीतून आले ते मीठ न मागता आले."

"मग पाव-लोणी खा."

ऑर्लनने दोन दिवस घेतले. एकदा त्याने गाडी धुतली, एकदा तळघर लावलं. तिसऱ्या दिवशी जेवल्यावर फोनपाशी बसला. छत्तीस मिनिटं संगीत ऐकलं. डेलफीनबाईंचा आवाज आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"मॅडम, मागच्या खेपेला तुम्ही जे म्हणालात... ते दोन्ही... म्हणजे..." त्याने खिडकीबाहेर, आवारातल्या चार रिकाम्या जागांकडे पाहिलं. "ते मला हवंय."

"अहो, मग तेव्हाच का नाही म्हणालात?"

"तुम्ही तिसऱ्यांदा विचारलं नाहीत."

मग बाई इतक्या मनापासून हसल्या की मार्डेलला चुलीपाशी ऐकू आलं. "म्हणजे चार वर्षं मी इथल्या लोकांना... देवा! मी म्हणते, माझ्या पिकनिकला कोणीच का येत नाही?"

दंड गेला. फोन ठेवण्याआधी ऑर्लन घाईने म्हणाला, "मॅडम, तो पण नको म्हणेल. दोनदा."

"कळलं," बाई म्हणाल्या.

डुवेनने खरोखरच दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने खुर्ची ओढली आणि पाऊण तास बोलला. त्यातून निघालं ते असं: कापलेले दोनशे सेहेचाळीस हा शेवटचा हिशेब नव्हताच. वरच्या दराने आधी कापून ठेवतात. डुवेनने मिनेसोटात बाहेरच्या रहिवाशाचं विवरणपत्र भरलं, की त्याच्या खऱ्या दराने एकशे छत्तीस डॉलर पंचवीस सेंट लागणार, एकशे दहा परत मिळणार. आणि लागलेले एकशे छत्तीस त्याच्या विस्कॉन्सिनच्या करातून वजा होणार. एका उत्पन्नावर दोनदा कर बसू नये, म्हणून.

"म्हणजे माझं काहीच जात नाही?"

"काहीच नाही."

"मग जातं कोणाचं?"

"तसं बघितलं तर विस्कॉन्सिनचं."

हे ऐकून डुवेनला थोडं वाईट वाटलं, असं डेलफीनबाईंनी नंतर सांगितलं. पण लवकर सावरला.

गुड फ्रायडेच्या दुपारी ट्रॉली परत ऑर्लनच्या आवारात आली. चारही खोप्या त्यांच्या जुन्या जागी उतरल्या. कोणी कोणाची माफी मागितली नाही. डुवेन म्हणाला, "तिकडे जागा कमी पडते," आणि ऑर्लन म्हणाला, "इथे आहे." ट्रॉलीचा दिवा नीट लागत होता, तो दोघांनी मिळून तपासला.

ईस्टरच्या रविवारी हॅम टेबलावर आलं, सोबत मार्डेलची बटाट्याची भाजी आणि लिंबाची जेली. पहिलं वाढून झाल्यावर डुवेनने रुमालाने तोंड पुसलं. "या सगळ्याचा तुला खर्च किती आला?"

ऑर्लनने पाकिटातून कागद काढला. बूट एकोणनव्वद. व्हर्लिनचे ॲपल पाय आणि नाश्ता, तीन सकाळी, एकेचाळीस. नकाशाचा कागद आणि रंग अठरा. टपाल बारा. आणि डुवेनचं मिनेसोटाचं विवरणपत्र भरायला लव्हॉन स्टॉर्लीला एकशे वीस. कारण ते तरी नीट भरलं जावं असं मार्डेलने ठरवलं होतं. एकूण दोनशे ऐंशी.

"निम्मे माझे," डुवेन म्हणाला. "एकशे चाळीस."

"नको रे. चूक माझीच."

"चूक कसली? भागीदारीचं काम. घे निम्मे."

"छे. राहू दे."

ऑर्लनने काटा खाली ठेवला आणि चेहरा घेण्याच्या तयारीत आणला. मार्डेलने श्वास रोखला. डुवेनने मान हलवली, म्हणाला, "बरं, तुझ्या मनासारखं," आणि हॅमच्या दुसऱ्या तुकड्याकडे हात नेला. पाऊण तास लुइझियानाशी बोलल्याचा हा परिणाम.

तर शेवटचा ताळा असा. मिनेसोटाला एकशे छत्तीस डॉलर पंचवीस सेंट मिळाले. ते विस्कॉन्सिनने सोसले. डुवेन पेल्झलला एक सेंटही पडला नाही. लव्हॉन स्टॉर्ली दोनशे पंचवीसला मुकली आणि एकशे वीस कमावून बसली. माशांचं यंत्र दुकानातच राहिलं. आणि दोनशे ऐंशी भरले ऑर्लन टॉर्गरसनने.